ऋतुनिवृत्ति : एका अज्ञानाचा इतिहास

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदावर १८८६ सालीं एका एकवीस वर्षांच्या तरुणीची नेमणूक झाली. ती जागा तिला लाभली नाहीं. डॉ. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन वर्षअखेरीस स्वदेशीं परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें निवर्तल्या. कोल्हापूरशीं त्यांचा संबंध केवळ या नेमणुकीपुरता नव्हता. त्यांचे पति गोपाळराव डाकखात्याच्या नोकरीनिमित्त या शहरांत असतांना, १८७८ सालीं, त्यांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं अमेरिकन मिशनऱ्यांशीं पत्रव्यवहार केला होता. तो पुढें अमेरिकेंत छापून आला, न्यू जर्सींतील कार्पेंटरबाईंच्या वाचनांत आला, आणि त्यांतूनच आनंदीबाईंचा समुद्रप्रवास घडला. ज्या गांवाहून ही वाट निघाली, त्याच गांवच्या इस्पितळापर्यंत ती पोंचावयाची होती. ती मध्येंच संपली.

त्या रिकाम्या जागेची आठवण येथें केवळ शोकासाठीं केलेली नाहीं. आनंदीबाई त्या विभागांत बसल्या असत्या, आणि पंचेचाळीस-पन्नासाच्या वयाची एखादी बाई, पाळी अनियमित झाली आहे, अंगांतून वाफा निघतात, रात्रीं झोंप येत नाहीं, अशी तक्रार घेऊन त्यांच्यापुढें आली असती, तर १८८६ सालच्या वैद्यकाजवळ तिला सांगण्यासारखें काय होतें? फारच थोडें होतें. आणि जें होतें, त्यांतील पुष्कळसें चुकीचें होतें. स्त्रीच्या ऋतुकालाचा आरंभ सर्व समाजांनीं विधिनियमांनीं बांधून टाकला. त्याच्या अखेरीकडे मात्र शास्त्राचें लक्ष फार उशिरां गेलें.

महाराष्ट्रांतील घरांत या अवस्थेला शास्त्रीय नांव नव्हतें. ‘विटाळ गेला’ एवढेंच बायका आपापसांत म्हणत. या दोन शब्दांत एक सुटकाही होती. महिन्याचे चार दिवस बाहेर बसणें संपे. सोवळ्याचा स्वयंपाक, देवघर, लोणच्याच्या बरण्या, सणासुदीचीं कार्यें यांत खंड पडत नसे, आणि घरांतील वडीलधाऱ्या बाईचा अधिकार वाढे. परंतु त्याच शब्दांनीं तिच्या तक्रारींचें तोंडही बंद होई. अंगाची लाहीलाही होते, छाती धडधडते, एकाएकीं रडूं कोसळतें, असें कोणी म्हणालीच, तर ‘आतां वय झालें’ हें उत्तर ठरलेलें असे. ज्या गोष्टीचें कारण वय, तिला उपाय नाहीं, आणि जिला उपाय नाहीं ती बोलून दाखवूं नये, अशी ही समजूत होती.

जुन्या वैद्यांनीं या अवस्थेचें निरीक्षण केलें नव्हतें, असें मात्र नाहीं. सुश्रुतसंहितेंत ऋतुस्राव बाराव्या वर्षीं सुरू होऊन, जरेनें शरीर पक्व झाल्यावर, पन्नासाव्या वर्षीं क्षय पावतो असें सांगितलें आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेंही बहुतेक स्त्रियांचा स्राव चाळिशीच्या सुमारास थांबतो व कांहींचा पन्नाशीपर्यंत टिकतो, असें नमूद केलें. आजच्या पाहणींप्रमाणें भारतीय स्त्रीची पाळी सरासरीनें शेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षीं जाते, तर युरोप-अमेरिकेंत एकावन्नाव्या. तेव्हां प्राचीनांचा वयाचा अंदाज फारसा चुकला नव्हता. चुकलें तें कारण. शरीर पिकतें, उष्णता घटते, रक्त आटतें, यापलीकडे त्यांना जातां आलें नाहीं. कारण ज्या अवयवांत ही घडामोड होते, त्याचें कार्यच कोणास ठाऊक नव्हतें.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाएवढे असे जे दोन अवयव असतात, त्यांना अंडाशय किंवा बीजकोश म्हणतात. हॉलंडमधील रेग्निये द ग्राफ यानें १६७२ सालीं त्यांच्या पृष्ठभागावरील द्रवानें भरलेल्या पुटकांचें बारकाईनें वर्णन केलें. त्या पुटकांतील खरें बीज सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखण्यास मात्र १८२७ साल उजाडावें लागलें. तो मान कार्ल फोन बेअर याचा. दरम्यान १८२१ सालीं गार्दान् या फ्रेंच वैद्यानें पाळी थांबण्याच्या अवस्थेला ‘मेनोपॉज’ हें नांव रूढ केलें. नांव मिळालें, पण अर्थ मिळाला नाहीं. आनंदीबाई शिकत होत्या त्या काळांत फ्ल्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाचें मत वजनदार मानलें जाई. बीजकोशांत पुटक फुगतें, त्याचा दाब मज्जातंतूंवर पडतो, आणि तंतूंच्या द्वारें गर्भाशयाला रक्तस्रावाची आज्ञा मिळते, असें तें मत होतें. म्हणजे बीजकोश ही जणु एखादी घंटेची कळ, आणि मज्जातंतु ही तिची तार.

एखादें चुकीचें मत ग्रंथांत पडून राहिलें, तर फारशी हानि होत नाहीं. शस्त्र हातीं आलें म्हणजे होते. १८७२ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट बॅटी, इंग्लंडमधील लॉसन टेट आणि जर्मनींतील आल्फ्रेड हेगार या तिघांनीं स्वतंत्रपणें बीजकोश काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस आरंभ केला. सर्व दुखण्यांचें मूळ मज्जातंतूंच्या क्षोभांत आणि त्या क्षोभाचें मूळ बीजकोशांत, अशी समजूत असल्यामुळें वेदना, झटके, मनाची अस्वस्थता अशा कारणांसाठींही तरुण स्त्रियांचे निरोगी बीजकोश काढण्यांत आले. या स्त्रियांची पाळी एका दिवसांत थांबली. वीस-पंचवीस वर्षांनंतर यावयाच्या वाफा, घाम आणि कोरडेपणा त्यांना तिशींतच भोगावा लागला. जें दुःख त्या शस्त्रक्रियेनें निर्माण झालें, त्यांतच खऱ्या उत्तराची खूण होती. परंतु ती बराच काळ कोणीं वाचली नाहीं.

ती खूण प्रथम प्रयोगशाळेंत वाचली गेली. १८९६ सालीं व्हिएन्नाच्या एमिल क्नाउअर यानें सशांच्या माद्यांचे बीजकोश काढून ते त्यांच्याच शरीरांत दुसऱ्या जागीं बसविले. मज्जातंतूंचे जुने संबंध तुटले होते, तरीही गर्भाशय सुकला नाहीं. तार तोडली तरी आज्ञा पोंचत होती. म्हणजे ती तारेंतून जात नव्हती. त्याच वर्षीं ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यानें बीजकोश काढल्यावर स्तनाचा कर्करोग कांहीं काळ ओसरल्याचें प्रसिद्ध केलें. इतक्या दूरच्या अवयवावर बीजकोशाचा अंमल चालतो, तर तो रक्तांतूनच चालत असला पाहिजे. १९०० सालीं योझेफ हाल्बान याच्या प्रयोगांनीं हीच गोष्ट अधिक स्पष्ट केली. आणि १९०५ सालीं लंडनच्या एका व्याख्यानमालेंत अर्नेस्ट स्टार्लिंग यानें रक्तांतून फिरणाऱ्या अशा निरोप्या द्रव्यांना ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें.

याच सुमारास कोल्हापूरच्या त्या इस्पितळांतील स्त्री-डॉक्टरची उणीवही भरून निघाली. कृष्णाबाई केळवकर या त्या डॉक्टर. त्यांच्या मातोश्री रखमाबाई केळवकर कोल्हापूर संस्थानांत मुलींच्या शिक्षणाच्या अधिकारी होत्या. राजर्षि शाहू छत्रपतींनीं या कन्येच्या वैद्यकीय शिक्षणास आश्रय दिला, तिला आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत नेमलें आणि प्रसूतिशास्त्राच्या अधिक अभ्यासासाठीं विलायतेस पाठविलें. ज्या बायका पुरुष डॉक्टरपुढें तोंड उघडीत नसत, त्यांना मनांतलें सांगण्यास एक जागा झाली. शास्त्राची प्रगति प्रयोगशाळेंत होते हें खरें. पण स्त्रीरोगाच्या बाबतींत रोग्यानें बोलणें आणि वैद्यानें ऐकणें हीही तिचीच एक बाजू आहे.

पुढील पाव शतकांत शोधांचा ओघ लागला. १९२३ सालीं अमेरिकेंतील एडगर ॲलन व एडवर्ड डॉयझी यांनीं डुकरिणींच्या बीजकोशांतील पुटकांच्या द्रवामध्यें क्रियाशील द्रव्य असल्याचें उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. १९२९ सालीं डॉयझी यानें अमेरिकेंत व आडोल्फ बूटेनांट यानें जर्मनींत गर्भवती स्त्रियांच्या मूत्रांतून तशा एका द्रव्याचे शुद्ध स्फटिक वेगळे केले; तें इस्ट्रोन, म्हणजे इस्ट्रोजेन कुलांतील पहिलें ओळखलें गेलेलें द्रव्य. दुसरें महत्त्वाचें द्रव्य प्रोजेस्टेरॉन १९३४ सालीं शुद्ध स्वरूपांत मिळालें. बीजकोशालाही कोणीतरी आज्ञा करतें, हें याच काळांत कळून आलें. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथि असते. तिच्या स्रावांनीं बीजकोशांतील पुटकें वाढतात. बर्लिनच्या बर्नहार्ड झोंडेक याला पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मूत्रांत या प्रेरक स्रावाचें प्रमाण कमी नव्हे, तर पुष्कळच अधिक आढळलें.

हा शोध सर्व समजुतींस धक्का देणारा होता. पाळी गेली म्हणजे शरीरांतील तो सारा व्यवहार मंदावला, विझला, असेंच आजवर गृहीत धरलें होतें. प्रत्यक्षांत बीजकोश शांत झाले होते. ग्रंथि मात्र पूर्वींपेक्षां मोठ्यानें हांका मारीत होती. या वाढलेल्या स्रावाचा उपयोगही पुढें झाला. इटलींत पिएरो दोनिनी यानें १९४९ सालीं पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मूत्रांतून तो स्राव शुद्ध केला; त्यासाठीं पुढें मठांतील वयस्क जोगिणींचें मूत्र गोळा करण्यांत येऊं लागलें. त्यापासून केलेल्या औषधाच्या साहाय्यानें एका निपुत्रिक स्त्रीला १९६२ सालीं इस्रायलमध्यें अपत्य झालें. जिला समाज ‘संपलेली’ समजत होता, तिच्याच देहांतील द्रव्यानें दुसरीची कूस उजवली.

या हांकांना उत्तर कां मिळत नाहीं, तें बीजांच्या संख्येवरून कळतें. स्त्रीचीं बीजें तिच्या जन्मापूर्वींच तयार झालेलीं असतात. ती आईच्या उदरांत पांच महिन्यांची असते, तेव्हां त्यांची संख्या ६० ते ७० लाखांपर्यंत पोंचते. जन्मतेवेळीं तीं १० ते २० लाख उरतात, आणि पाळी सुरू होतांना तीन-चार लाख. पुढील आयुष्यांत त्यांतील चारशें-पांचशेंच पक्व होऊन बाहेर पडतात; बाकीचीं आपोआप विरून जातात. अखेरीस हजाराच्या आसपास बीजें उरलीं, म्हणजे पाळी थांबते. वाढतें पुटक इस्ट्रोजेन निर्माण करतें आणि इन्हिबिन नांवाच्या दुसऱ्या एका स्रावानें ग्रंथीला ‘आतां पुरे’ असा निरोप पाठवितें. पुटकें विरळ झालीं, कीं हा निरोप क्षीण होतो आणि ग्रंथीचा प्रेरक स्राव वाढूं लागतो. हा बदल पाळी जाण्याच्या कांहीं वर्षें आधींच सुरू झालेला असतो.

या संधिकालाविषयींची एक चुकीची समजूत तर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकून होती. इस्ट्रोजेन उताराच्या रस्त्याप्रमाणें सारखें खालीं येत जातें, असें मानलें जाई. रोजच्या मापनांनीं निराळेंच चित्र दिसलें. या वर्षांत इस्ट्रोजेन हेलकावे खातें. एखाद्या महिन्यांत तें तरुणपणापेक्षांही चढतें, तर दुसऱ्या महिन्यांत एकदम पडतें. कांहीं महिन्यांत बीज बाहेरच पडत नाहीं. त्यामुळें प्रोजेस्टेरॉन तयार होत नाहीं, आणि पाळी लांबते किंवा भरपूर जाते. सलग बारा महिने पाळी आली नाहीं, म्हणजे ऋतुनिवृत्ति झाली असें धरतात. त्यानंतर बीजकोश आकसून पूर्वींच्या निम्म्याहून लहान होतात. इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार जो इस्ट्राडायोल, तो रक्ताच्या एका मिलिलिटरमागें वीस पिकोग्रॅमच्या खालीं उतरतो. आणि ग्रंथीचा पुटकप्रेरक स्राव पूर्वींच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक होतो.

परंतु याही अवस्थेंत शरीर इस्ट्रोजेनला सर्वस्वीं मुकत नाहीं. मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथि आणि स्वतः बीजकोश थोड्या प्रमाणांत पुरुषजातीचे स्राव निर्माण करीत राहतात. शरीरांतील चरबी त्यांचें रूपांतर इस्ट्रोनमध्यें करते. सुकलेला, निरुपयोगी म्हणून ज्याची गणना होई, तो बीजकोश पाळी गेल्यावरही कांहीं काम करीतच असतो.

इस्ट्रोजेन घटल्याचे परिणाम कोणते? मेंदूंतील तापमान सांभाळणारें केंद्र हळवें होतें, आणि क्षुल्लक उष्म्यानेंही घाम व वाफा सुटतात. हाडांची झीज पहिल्या कांहीं वर्षांत सर्वांत वेगानें होते. बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यानें १९४०च्या सुमारास हा संबंध प्रथम दाखवून दिला. पाठीचा बाक आणि साध्या पडण्यानें मोडणारें खुब्याचें हाड यांचें एक मूळ येथें आहे. त्यावर उपाय म्हणून, गाभण घोडींच्या मूत्रांतून काढलेलें इस्ट्रोजेन १९४२ सालीं अमेरिकेंतील बाजारांत आलें. १९६६ सालीं रॉबर्ट विल्सन याच्या पुस्तकानें चिरतारुण्याचें आमिष दाखविलें. १९७५ सालीं नुसत्या इस्ट्रोजेनमुळें गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असें आढळलें. आणि २००२ सालच्या जुलैंत, १६,६०८ स्त्रियांवर चाललेला मोठा अमेरिकन प्रयोग हानि अधिक दिसल्यामुळें मध्येंच थांबविण्यांत आला. पुढील छाननींत असें दिसलें, कीं त्या प्रयोगांतील स्त्रियांचें सरासरी वय त्रेसष्ट होतें. पाळी गेल्यावर लवकर, साठीच्या आंत, प्रकृति पाहून घेतलेल्या औषधाचा हिशेब निराळा पडतो. एकदां अमृत आणि एकदां विष असे झोके खाल्ल्यावर आतां कोठें हा विषय तोलून बोलण्याच्या पायरीवर आला आहे.

हें सारें ज्ञान कोल्हापूरच्या आसमंतांत आज किती पोंचलें आहे, याची कसोटी इस्पितळांत नव्हे, उसाच्या फडांत लागते. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांत आणि कर्नाटकांत उतरतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधीं घेतलेली उचल फेडावयाची. एक दिवसाचा खाडा पडला तरी दंड. फडांत आडोसा नाहीं, पाणी नाहीं, आणि पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर चुकत नाहीं. अशा बायकांना अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन गेल्यावर ‘पिशवी काढून टाका, नाहीं तर कॅन्सर होईल’ अशी भीति घातली जात असे. २०१९ सालीं राज्य शासनानें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यांतील कित्येकजणी तिशीपस्तिशीच्या होत्या.

गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर १८७२ सालीं बॅटीच्या रोगिणींचें जें झालें, तेंच या बायकांचें होतें. पन्नाशीनंतरची हाडांची झीज पस्तिशींत सुरू होते; हृदयविकाराचा धोका वाढतो; आणि ज्या देहाच्या बळावर पोट भरावयाचें, तो देहच अकालीं खचतो. बीजकोश ठेवून नुसता गर्भाशय काढला, तरीही बीजकोशांचें काम कांहीं वर्षें आधीं थांबण्याचा संभव असतो. कर्करोगासारख्या कारणांसाठीं ही शस्त्रक्रिया प्राण वाचविते, यांत संशय नाहीं. पण खाडा पडूं नये म्हणून ती केली जाते, तेव्हां ज्ञानाचा सव्वाशें वर्षांचा प्रवास त्या बाईच्या दारापर्यंत आलाच नाहीं, असें म्हणावें लागतें.

शहरांतील सुशिक्षित घरेंही या बाबतींत फार पुढें नाहींत. पाळी चुकूं लागलेल्या आईला किंवा सासूबाईंना झोंप लागते कीं नाहीं, हें तेथेंही क्वचितच विचारलें जातें. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हां रक्त दिसलें, तर तें थोडें असलें तरी तपासून घ्यावयाचें असतें. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक दुखणीं संकोचाखालीं वाढतात. शस्त्रक्रियेची गोष्ट निघालीच, तर ती कशासाठीं, औषधानें भागतें किंवा नाहीं, आणि बीजकोश ठेवणार कीं काढणार, हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या बाईला व तिच्या घरच्यांना आहे.

आल्बर्ट एडवर्ड इस्पितळ आज छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय या नांवानें ओळखलें जातें, आणि तेथें स्त्री-डॉक्टर दिसणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. आनंदीबाईंच्या वेळीं बाई बोलली असती, तरी उत्तर देण्यास शास्त्र तयार नव्हतें. आज उत्तर पुष्कळसें तयार आहे; बाईला विचारणें मात्र अजून पुष्कळ घरांत राहून गेलें आहे.